पोलिसांपुढील कबुलीजबाब : एका नियमाचा इतिहास

२०२५ च्या जुलै महिन्यात मुंबईतील दोन न्यायालयांनी दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले होते. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची शिक्षा रद्द केली. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. पहिल्या खटल्यातील आरोपी मुसलमान होते, दुसऱ्या खटल्यातील हिंदू. पहिल्या निकालाने ज्यांना दिलासा मिळाला ते दुसऱ्या निकालाने अस्वस्थ झाले, आणि पहिल्याने जे संतापले त्यांनी दुसऱ्याचे पेढे वाटले. लोकल गाड्यांत मेलेली १८९ माणसे आणि मालेगावच्या भिकू चौकात मेलेली सहा माणसे यांना कोणी मारले, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्ही निकालांनंतर कोणापाशीच उरले नाही.

असे का झाले, याची चर्चा आपल्याकडे नेहमी दोन टोकांवर होते. कायदे पुरेसे कडक नाहीत म्हणून दहशतवादी सुटतात, असे एक टोक म्हणते. कडक कायदे केवळ मुसलमानांना छळण्यासाठी आहेत, असे दुसरे म्हणते. आम्हाला वाटते, या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर दोन्ही टोके अपुरी ठरतात. आपल्या देशात एक जुना नियम होता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हा तो नियम. दहशतवादाच्या नावाने तो प्रथम १९८७ मध्ये मोडला गेला आणि तेव्हापासून वेगवेगळ्या कायद्यांतून मोडला जात आहे. तो मोडल्याने निरपराधाचे स्वातंत्र्य गेले हे तर खरेच. पण ज्या सुरक्षिततेसाठी तो मोडला, ती तरी हाती लागली का, हे तपासण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हा नियम कोणा मानवतावादी पुढाऱ्याच्या कृपेने आलेला नाही. तो कंपनी सरकारच्या बदनामीतून आला. मद्रास इलाख्यात सारा वसूल करताना आणि गुन्ह्यांचा तपास करताना रयतेचा छळ होतो, अशा तक्रारी इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेल्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला. बोटे चापात धरून पिळण्याची 'किट्टी', माणसाला वाकवून मान आणि पाय एकत्र बांधण्याची पद्धत, उन्हात उभे करणे, उपाशी ठेवणे असे अनेक प्रकार त्यात नोंदले आहेत. आयोगाने सगळा दोष देशी नोकरांच्या माथी मारला आणि गोऱ्या साहेबांना मोकळे सोडले, हा भाग वेगळा. पण छळ होतो आणि त्यातून कबुलीजबाब निघतात, ही गोष्ट सरकारी कागदावर आली.

त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला मज्जाव झाला. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने तयार केला, त्यात हा नियम २५ आणि २६ या कलमांत पक्का झाला. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. कोठडीत असताना दिलेली कबुली दंडाधिकाऱ्याच्या समक्ष दिलेली असेल तरच चालेल. २७ व्या कलमात एक वाट ठेवली होती. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढाच भाग ग्राह्य. स्टीफन साम्राज्याचा कट्टर समर्थक होता, हिंदी माणसाच्या हक्कांसाठी तो झुरत नव्हता. पण पोलीस माणसाला का मारतात याचे त्याने पुढे नोंदवून ठेवलेले एक कारण अगदी व्यवहारातले आहे. उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून माणसाला बोलते करणे सोपे असते. म्हणजे या नियमाचा हेतू दुहेरी होता. आरोपीची कातडी वाचावी, आणि पोलिसांनी उन्हात जाऊन पुरावा शोधावा.

आम्हा मुसलमानांना हा विचार परका नाही. आठव्या शतकात बगदादचे प्रमुख काझी अबू यूसुफ यांनी खलिफा हारून रशीद यांच्यासाठी 'किताबुल खराज' हा ग्रंथ लिहिला. चोरीच्या संशयावरून माणसाला मारहाण करून कबुली घेणे त्यात त्यांनी अमान्य ठरवले आहे. जबरदस्तीने, म्हणजे 'इकराह'ने घेतलेला 'इकरार' काझीपुढे टिकत नाही, हे तत्त्व फिकहच्या ग्रंथांत आहे. इस्लामी राजवटींत हे तत्त्व नेहमी पाळले गेले असा आमचा दावा नाही. बादशहांच्या तळघरांचा इतिहास वेगळा आहे. पण मार खाऊन दिलेली कबुली म्हणजे सत्य नव्हे, हे आपल्या परंपरेलाही ठाऊक होते. १८७२ चा कायदा इंग्रजांचा म्हणून त्याला परका म्हणण्याचे कारण नाही.

राजकीय गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा हवा, हा आग्रहही इंग्रजी अमलातच जन्मला. न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या समितीच्या अहवालावरून मार्च १९१९ मध्ये जो कायदा झाला त्याने खटल्याशिवाय अटकेत ठेवण्याची आणि अपील नसलेल्या विशेष न्यायालयांची सोय केली. 'ना वकील, ना दलील, ना अपील' ही घोषणा तेव्हाची. या कायद्याच्या निषेधार्थ बॅ. जिना, मदनमोहन मालवीय आणि मजहरुल हक यांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. अमृतसरमध्ये डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना १० एप्रिलला उचलले गेले आणि तीन दिवसांनी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. एक मुसलमान आणि एक हिंदू यांच्या सुटकेसाठी शहर एकवटले होते, हे आज मुद्दाम आठवावे असे आहे. पुढे डॉ. तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर १९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला.

स्वातंत्र्यानंतर आपण घटना लिहिली. कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हे तिच्या २० व्या अनुच्छेदाने सांगितले. त्याच घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागाही दिली. घटना अमलात येऊन महिना उलटतो न उलटतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत १९६९ अखेरपर्यंत टिकला. १९७१ मध्ये 'मिसा' आला. त्याचा खरा चेहरा आणीबाणीत दिसला. १९७५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी या दोन्ही संघटनांवर एकाच वेळी बंदी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निर्णय दिला. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. तो निर्णय चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. मात्र एवढे सगळे होऊनही एक गोष्ट शाबूत होती. माणसाला खटल्याशिवाय डांबता येत होते, पण खटला भरायचा तर पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नव्हता.

ही भिंत 'टाडा'ने पाडली. पंजाबातील हिंसाचार, पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या, दिल्लीतील ट्रान्झिस्टर बॉम्ब या पार्श्वभूमीवर मे १९८५ मध्ये हा कायदा दोन वर्षांसाठी म्हणून करण्यात आला. १९८७ मध्ये तो नव्याने आला तेव्हा त्यात पंधरावे कलम होते. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आता पुरावा ठरणार होता. वरिष्ठ अधिकारी छळ करणार नाही, असे त्यामागचे गृहीतक. ज्या कोठडीत आरोपी आहे तिचा मालक तोच, ज्या तपासाचे यश-अपयश मोजायचे तो तपासही त्याच्याच खात्याचा, याचा विचार झाला नाही. मार्च १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. पण पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी, न्या. रामस्वामी आणि न्या. सहाय यांनी, ते घटनाबाह्य असल्याचे मत दिले.

टाडाखाली देशभरात सुमारे ७६ हजार माणसे पकडली गेली. दोषी ठरलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. पंजाबसाठी केलेला कायदा जिथे दहशतवादी चळवळ नव्हती त्या गुजरातेत हजारोंवर लावला गेला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये खासदारांना पत्र लिहून मुदतवाढ देऊ नये असे आवाहन केले. त्या वर्षी मे महिन्यात कायद्याची मुदत संपली, पण आधी भरलेले खटले चालूच राहिले. १९९४ साली पकडलेल्या अकरा मुसलमानांना नाशिकच्या टाडा न्यायालयाने निर्दोष सोडले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. कायदा मरून चोवीस वर्षे होत आली होती, तरी त्याखालचा खटला जिवंत होता.

मुंबईकरांना टाडाची आठवण येते ती १२ मार्च १९९३ च्या स्फोटांमुळे. त्या दिवशी २५७ माणसे गेली. कट भयंकर होता, तो रचणारे आणि त्यात राबणारे यांना शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि शंभर जणांचे दोषित्व सिद्धही झाले. याबद्दल आम्हाला तक्रार नाही. बोच आहे ती वेगळीच. स्फोटांच्या आधी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये याच शहरात दंगलींत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये नावानिशी अहवाल दिला. स्फोटांसाठी विशेष कायदा, विशेष न्यायालय आणि शिक्षा, तर दंगलींसाठी साधा कायदा आणि बहुतेक प्रकरणे दप्तरबंद. एकाच शहरातल्या दोन हत्याकांडांना दोन मापे लावली गेली, ही भावना मोहल्ल्यामोहल्ल्यांत रुजली. सुरक्षेचा कायदा सर्वांसाठी सारखा नाही असे ज्या नागरिकाला वाटते, तो पोलिसांना खबर द्यायला पुढे येत नाही. हे नुकसान तर सुरक्षेचेच आहे.

न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर, ऑक्टोबर २००१ मध्ये, 'पोटा' वटहुकमाने आला. डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि मार्च २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात तो मंजूर करून घेण्यात आला. कबुलीजबाबाचे कलम याही कायद्यात होते. फरक इतकाच की आरोपीला अठ्ठेचाळीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची अट घातली होती. संसद हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच कबुलीजबाब बाजूला ठेवले, कारण त्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या. ज्यांना दोषी धरले ते इतर पुराव्यांवर, आणि आधी फाशी सुनावलेले दिल्लीचे एक प्राध्यापक निर्दोष ठरले. संसदेत पोटाला पाठिंबा देणारे तमिळ नेते वायको यांना त्याच कायद्याखाली एका भाषणासाठी जुलै २००२ मध्ये अटक झाली आणि दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला.

अक्षरधामचे प्रकरण अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या मंदिरात तीसहून अधिक भाविक आणि जवान मारले गेले. दोन्ही हल्लेखोर जागीच ठार झाले. जवळजवळ वर्षभराने सहा मुसलमानांना कट रचल्याच्या आरोपावरून पकडले गेले. पुराव्याचा मुख्य आधार होता कबुलीजबाब. त्यावर तिघांना फाशी झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. तो लोकसभेच्या निकालाचा दिवस होता, त्यामुळे ही बातमी फारशी कोणी वाचली नाही. कबुलीजबाब हातात आला म्हणून तपास थांबला, आणि मंदिरात मेलेल्या माणसांचा खटला अकरा वर्षांनी रिकाम्या हाती परतला.

पोटाच्या काळातली परभणीच्या एका तरुण अभियंत्याची हकीकत महाराष्ट्राने विसरू नये. घाटकोपरच्या डिसेंबर २००२ च्या स्फोटानंतर त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या गाडीतून पळून गेला, असे सांगण्यात आले. कोठडीत त्याला बेदम मारताना आम्ही पाहिले, असे सहआरोपीने न्यायालयात सांगितले. पुढे सीआयडीने पोलिसांवरच गुन्हा नोंदवला. त्याचा मृतदेह कधी मिळाला नाही. ज्या प्रकरणात त्याला पकडले होते, त्यातील इतर आरोपी २००५ मध्ये सुटले.

पोटा २००४ मध्ये रद्द झाला. पण महाराष्ट्रात तोवर 'मोक्का' रुळला होता. खंडणीखोर टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी १९९९ मध्ये केलेल्या या कायद्याच्या अठराव्या कलमात तीच तरतूद आहे. दहशतवादाच्या खटल्यांना मोक्का लावला की पोटाचे काम भागत असे. २००६ च्या दोन्ही मोठ्या स्फोटांत, मुंबईच्या लोकलमध्ये आणि मालेगावात, हेच झाले.

मालेगावचे प्रकरण आधी पाहू. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शबे बरातचा दिवस. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तान परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमानांना आरोपी केले, मोक्का लावला, कबुलीजबाब नोंदले. त्यांतील एक जण स्फोटाच्या आधीपासून पोलिसांच्याच कोठडीत होता. दुसरा त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी नमाज पढवत असल्याचे साक्षीदार होते. साध्या पुरावा कायद्याखाली हा खटला उभा राहणेही अवघड होते. कबुलीजबाबाने त्याला पाय दिले. पुढे एनआयएने तपास हाती घेतल्यावर ही कहाणी ढासळली, २०११ मध्ये आरोपींना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर एक जण हयात नव्हता. ज्या गावाने आपली मुले स्फोटात गमावली, त्याच गावाची मुले आरोपी म्हणून पाच वर्षे तुरुंगात होती.

लोकल खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. एक आरोपी नऊ वर्षांनी निर्दोष सुटला. फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये करोनाने नागपूरच्या तुरुंगात गेला. उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जे म्हटले त्याचा सारांश असा. निरनिराळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतील काही मजकूर एकसारखा आहे, वैद्यकीय नोंदी छळाच्या तक्रारीला पुष्टी देतात, आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलेले नाही. टॅक्सीचालकांची साक्ष सुमारे शंभर दिवसांनी पुढे आली. ओळखपरेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकार उरला नव्हता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अंतिम शब्द काय असेल तो असो, अकरा मिनिटांत सात स्फोट घडवणाऱ्या कटाच्या तपासात बॉम्बचा प्रकारही सिद्ध होऊ नये, ही गोष्ट कोणत्याही सुरक्षावाद्याची झोप उडवणारी आहे.

आता २००८ चे मालेगाव. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील पथकाने या प्रकरणात हिंदुत्ववादी गटांतील काहींना पकडले, त्यांत एक साध्वी आणि लष्करातील एक अधिकारी होते. त्यांनाही मोक्का लावला गेला. त्यांनीही कोठडीत छळ झाल्याची तक्रार केली. पुढे तपास एनआयएकडे गेला, २०१६ च्या पुरवणी आरोपपत्रात मोक्का वगळला गेला आणि त्याबरोबर त्याखालचे कबुलीजबाबही गेले. ३२३ साक्षीदार तपासले गेले, तीसहून अधिक फितूर झाले. शेवटी न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि आरोपींना सोडले. या खटल्यात सरकारच्या इच्छाशक्तीबद्दल शंका घ्यायला जागा आहे आणि ती आम्ही घेतो. पण कबुलीजबाबाच्या खांबावर उभे केलेले घर खांब काढला की पडते, हे इथेही खरे ठरले.

इथे आम्हाला आपल्या समाजाशीही दोन शब्द बोलायचे आहेत. डिसेंबर २०१० मध्ये स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यापुढे कबुली दिली तेव्हा आपल्यातील अनेकांना तो शेवटचा शब्द वाटला. काही महिन्यांतच त्यांनी तो जबाब दडपणाखाली दिल्याचे सांगून मागे घेतला. अजमेर, मक्का मशीद आणि समझौता एक्सप्रेस या तिन्ही खटल्यांत ते पुढे निर्दोष सुटले. दंडाधिकाऱ्यापुढची कबुली आणि पोलिसांपुढची कबुली यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. तरीही कसोटी एकच ठेवावी लागेल. आपल्या मुलाची कबुली मारून घेतलेली आणि दुसऱ्याच्या मुलाची कबुली मनापासून दिलेली, असे मानणे म्हणजे न्यायाची नव्हे, जमातीची बाजू घेणे होय. साध्वींच्या कोठडीतील छळाची तक्रार खरी असेल तर तीही तितकीच निषेधार्ह आहे.

कडक कायद्याचे समर्थक एक प्रामाणिक अडचण मांडतात, ती टाळून चालणार नाही. कट गुप्त असतो. त्याला साक्षीदार नसतात, असले तर ते भितात. अशा वेळी आतल्या माणसाच्या बोलण्याशिवाय काय हाती लागणार? याचे उत्तर देशातल्या सर्वांत मोठ्या दहशतवादी खटल्यानेच दिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मेली. तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. त्याच्यावरचा खटला मोक्काखाली चालला नाही. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने स्थानकात काढलेली छायाचित्रे, कॅमेऱ्यांचे चित्रण, जखमी प्रवाशांच्या साक्षी, हल्लेखोरांची यंत्रे आणि फोनवरील संभाषणे हा पुरावा उभा राहिला. दंडाधिकाऱ्यापुढे त्याने दिलेला जबाबही न्यायालयाने विचारात घेतला, पण पोलीस कोठडीतल्या कबुलीची गरज पडली नाही. दीड वर्षात निकाल लागला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यातील दोन भारतीय मुसलमान आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती सुटका टिकली. हल्लेखोरांचे नऊ मृतदेह दफन करायला मुंबईच्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नकार दिला होता, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे. आम्ही दहशतवादाकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचे ते उत्तर होते.

म्हणूनच डिसेंबर २००८ मध्ये, जखम ओली असतानाही, संसदेने यूएपीए कायदा कडक करताना कबुलीजबाबाचे कलम त्यात घातले नाही. ही शहाणपणाची गोष्ट होती. पण त्याच दुरुस्तीने दुसरे दार उघडले. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असतील तर जामीन नाही, आणि आरोपपत्रासाठी एकशेऐंशी दिवसांची मुभा. २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पूर्वी कबुली घेऊन शिक्षा व्हायची, आता शिक्षेशिवायच वर्षे जातात. भीमा कोरेगाव प्रकरणातील वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत जुलै २०२१ मध्ये गेले. ते मुसलमान नव्हते. विशेष कायदा एकदा घरात आला की तो कोणाच्या खोलीत शिरेल हे सांगता येत नाही. पंजाबातल्या शिखापासून सुरू झालेली ही यादी मुसलमान, आदिवासी, तमिळ नेता, साध्वी, पाद्री अशी वाढतच गेली आहे.

कबुलीजबाबाचे कलमही अजून गेलेले नाही. महाराष्ट्रात मोक्का आहे, गुजरातच्या २०१९ मध्ये मंजुरी मिळालेल्या कायद्यातही ते आहे. दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने १८७२ चा मूळ नियम २३ व्या कलमात जसाच्या तसा ठेवला आहे. म्हणजे साध्या चोराला जे संरक्षण आहे ते ज्याच्या गळ्याशी फाशीचा दोर आहे त्याला नाही. ही विसंगती कोणत्याही सरकारने अद्याप समजावून सांगितलेली नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे बारगळले.

आमची मागणी सौम्य वाटेल, पण ती साधी नाही. मोक्काचे अठरावे कलम रद्द करा. कबुली द्यायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, वकिलाच्या सल्ल्यानंतर होऊ द्या. पोलीस ठाण्यांत आणि चौकशीच्या खोल्यांत कॅमेरे बसवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश खरोखर अमलात आणा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांना माणसे आणि पैसा द्या, साक्षीदाराला संरक्षण द्या. निर्दोष सुटलेल्याला भरपाई हा त्याचा हक्क असू द्या, सरकारची मेहेरबानी नव्हे. खोटा पुरावा रचणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी होऊ द्या, त्याला पदक मिळता कामा नये.

यात दहशतवाद्याची सोय आहे असे कोणी म्हणेल तर त्याने चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आपला मुलगा गमावलेल्या बापाला आणि मालेगावात मुलगी गमावलेल्या बापाला विचारावे. एकाने एकोणीस वर्षे वाट पाहिली, दुसऱ्याने सतरा. त्यांना कोणाची तरी कबुली नको होती. त्यांना खरा गुन्हेगार हवा होता, आणि तो शोधण्यासाठी कोणीतरी उन्हात जायला हवे होते.